काळखेडे फाट्याचे तीन ठिपके

काळखेडे,
१२ जानेवारी २०२५

चि. योगेंद्र,

अक्काचा आशीर्वाद. राग खाली आहे, वाचत गेलास की लागेल.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मागे तुझी कॉम्प्युटरवर टकटक चालू असते. शिवाय आमच्याकडे मोबाइलला रेंज येते ती ओट्यावर, आणि ओट्यावर तुझे दाजी बसलेले असतात. त्यांच्या देखत तुझं नाव काढलं की ते उठून म्हशीला पाणी दाखवायला जातात. म्हैस बिचारी पाणी पिऊन पिऊन कंटाळली.

तर ऐक. तुझी भाची किरण जळगावला कॉलेजात जाते ती निळ्या गाडीने, धुळे-जळगाव करते ती खासगी गाडी. तिचीच वेळ कॉलेजला जमते. दिवाळीनंतर त्या गाडीत मशीन बसवलंय. थांबा जवळ आला की आतून एक बाई बोलते, "काळखेडे." ती बोलली की ड्रायव्हर ब्रेक दाबतो. आणि कुठे दाबतो म्हणशील, तर पुलाच्या भरावावर.

तू रस्ता चौपदरी झाल्यापासून इकडे फिरकलाच नाहीस, म्हणून सांगते. मदिनाभाभींचं बांगड्यांचं दुकान आणि समोर रसवंती, असा आपला फाटा होता ना? त्याच्या उशाशी आता पूल आलाय आणि पुलाला लागून दोन पुरुष उंच मातीचा भराव. गाडी वर उभी राहते, गाव खाली. मधे लोखंडी कठडा आणि मुरमाचा उतार. पोरी पुस्तकं गळ्यात अडकवून कठडा ओलांडतात आणि घसरत खाली येतात. सकाळी तसंच हातपाय टेकत वर. खाली सर्व्हिस रोड आहे, चांगला डांबरी, मोकळा. गाडीने तिकडून यायला काही म्हणजे काही हरकत नाही. पण मशीनमधली बाई तिथे बोलत नाही, म्हणून ड्रायव्हर येत नाही.

मी एकदा वर चढून त्याला विचारलं. "मावशी, नकाशात थांबा इथेच शे," म्हणाला. किरणने गाडीच्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणे, थांबे आम्ही आमच्या मनाने टाकत नाही, सगळ्यांसाठी खुला नकाशा असतो, त्यात कुणीही भर घालू शकतं, आम्ही तिथून घेतो. मग किरणने तो नकाशा उघडला. आपल्या गावाला तीन ठिपके. एक 'काळखेडे', भरावावर. दुसरा 'काळखेडे फाटा', तो अभिमन आबांच्या कपाशीत, पार विहिरीच्या काठावर. तिसरा 'काळखेडे स्टँड', तो नाल्यापलीकडे, जिथे कुत्रंसुद्धा कुणाची वाट बघत नाही. अभिमन आबा खूश आहेत. सगळ्यांना सांगत फिरतात, आमच्या विहिरीवर स्टँड मंजूर झाला.

किरणने भरावावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं, हा कुणी टाकला ते बघायला. तुझं नाव निघालं.

आता बोल.

तुला गंमत वाटत असेल तर पुढचंही वाच. परवा किरण घसरली. दोन्ही तळहात सोलले, ओढणी फाटली. दाजींनी स्वतः हळद लावली. मग हात धुताना म्हणाले, "परीक्षा हुई जाऊ दे, मंग पुरे." म्हणजे पहिलं वर्ष संपलं की कॉलेज बंद. ते वाईट नाहीत रे, तुलाही ठाऊक आहे. वरून ट्रक कसे जातात ते त्यांनी पाहिलंय. पण कारण काहीही असो, सुटणार ते पोरीचंच कॉलेज. आणि ती कशी अभ्यास करते ते मी रोज बघते. मला ते सहन होणार नाही.

ठिपका हलव. नयनाला आशीर्वाद सांग.

तुझी,
अक्का


काळखेडे,
९ फेब्रुवारी २०२५

चि. योगेंद्र,

पत्र मिळालं. चार पानी. इतकं तू लग्नाआधी नयनालाही लिहिलं नसशील.

तू लिहिलंस की तो ठिपका टाकताना तुला काही शोधावंच लागलं नाही. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मुराळी म्हणून मला माहेरी न्यायला यायचास, तेव्हा जिथे उतरायचास तिथे डोळे मिटून बोट ठेवलंस. हे वाचलं आणि मी पत्र घडी करून पिठाच्या डब्यावर ठेवलं. थोडा वेळ भाकरीच थापत बसले. आखाजीआधी मी गच्चीवरून फाट्याकडे बघत असायचे, तुझी ती पिवळी पिशवी दिसली की खाली पळायचे, सासूबाई म्हणायच्या, अगं पडशील. मला तुझी आठवण येते, योगेंद्र. एवढं सरळ मी कधी बोलत नाही, म्हणून लिहून टाकते.

आता रागाचं. माया म्हणून ठिपका टाकलास ते ठीक, पण रस्ता तिथून उठून आकाशात गेला हे बघायला नको? सगळ्या जगाचे नकाशे करतोस आणि बहिणीच्या गावचा थांबा आठवणीवर.

तू मागच्या आठवड्यात तो खाली सर्व्हिस रोडवर आणलास, नाल्यापलीकडचा आणि विहिरीवरचा खोडलास, इथवर समजलं. (अभिमन आबांना अजून सांगितलेलं नाही.) पण धुळ्याच्या कुणा साकिब शेखांनी तुझा ठिपका पुन्हा वर नेऊन ठेवला म्हणे. त्यांचं म्हणणं, गाडीचा माग काढला तर ती रोज भरावावरच उभी राहते, मग थांबा खाली कसा दाखवायचा? आणि तुझंही म्हणणं, ते बरोबर आहेत, जागेवर असेल तेच नकाशात, असा तुमचा नियम.

अरे वा. नकाशात तेच येणार जे गाडी करते. आणि गाडी तेच करणार जे नकाशात आहे. मधे आमच्या पोरी घसरगुंडी खेळणार. दाजींना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, शिकलेल्या माणसांचं असंच असतं. म्हणून सांगितलं नाही, तुझी बाजू राखली.

तुला थांब्याचे फोटो हवे होते, किरणने पाठवलेत. त्यात गाडी वरच आहे. मग उपयोग काय, तूच सांग.

तुझी,
अक्का


काळखेडे,
२३ मार्च २०२५

चि. योगेंद्र,

या खेपेस नकाशाचं कमी, घरचं जास्त.

काल दाजींनी विषय काढला. मी भांडी घासत होते. म्हणाले, पोरीला घरी बसवायची तर शिवणाच्या क्लासला तरी घालू, गावातच आहे. किरण आत होती, तिने ऐकलं. बाहेर आली नाही, रडली नाही, पुस्तक पुढे धरून बसली, आणि मी दोनदा आत जाऊन आले तरी पान तेच. मला इतका राग आला की कढई घासता घासता तिची कडीच तुटली.

मी म्हटलं, थांबा खाली आला तर? ते म्हणाले, आला तर जाईल, मी कुठे नाही म्हणतो. हे नीट वाच. तू किरणच्या दहावीच्या निकालाला म्हणाला होतास, "दाजी, तुम्ही पोरीला शिकवणार नाही, माझ्याकडे पुण्याला पाठवा." आणि ते म्हणाले होते, "मन्ही पोर माले जड नही." दोघंही ताटावरून उठलात. पुरणपोळी मी आणि सासूबाईंनी दोन दिवस खाल्ली. तेव्हापासून तू आखाजीला येत नाहीस आणि ते तुझं नाव घेत नाहीत. पण त्यांनी तिला शिकवलं की नाही? बारावी केली, जळगावला घातली, पास काढून दिला. तू म्हणालास तसं झालं नाही. तेवढं मनात धर.

गेल्या दोन आखाज्यांना मी एकटीच माहेरी भडगावला गेले. मुराळी नसलेली मी एकटीच, बाकी सगळ्यांचे भाऊ आलेले. आपले नाना दारात उभे होते, माझ्या मागे बघत होते. कुणी नाही म्हटल्यावर म्हणाले, ऊन फार आहे, आत ये.

तर आता तू ये. तुमच्या नियमातच आहे ना, स्वतः बघायचं? ये आणि बघ. साकिबभाईंनाही आण. आणि येणारी गाडी खाली कशी आणायची ते माझ्यावर सोड. माझ्या डोक्यात काहीतरी शिजतंय. तुला आत्ता सांगणार नाही, कारण तू नियम काढशील.

अक्का


काळखेडे,
२० एप्रिल २०२५

चि. योगेंद्र,

येतोयस म्हणून कळलं, किरणने नाचून सांगितलं. आखाजी ३० तारखेच्या बुधवारी आहे, तू आधीच्या सोमवारी पोचतोस, बरोबर केलंस.

एकच ऐक. धुळ्याहून निळ्या गाडीत बसलास तर मशीनच्या बोलण्यावर उतरू नकोस. सरळ पुढे एरंडोलला जा, मी तिथे कुणाला तरी गाडी घेऊन पाठवते. भरावावरून उतरायचं वय तुझं राहिलं नाही. पोट सुटलंय, मी फोटोत पाहिलंय.

दाजींना सांगितलंय की तू येतोयस. ते ओट्यावरून उठले नाहीत. म्हशीलाही पाणी पाजलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

अक्का


काळखेडे,
११ मे २०२५

चि. योगेंद्र,

भडगावहून परत आले. पाय कसा आहे? नयनाला सांग, शेकायला मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांध, विकतची पिशवी नको.

तुला जे माहीत नाही ते आता लिहिते, कारण तू इथून गेल्यावर दाजी बोलायला लागलेत.

सोमवारी त्यांना मीच एरंडोलला पाठवलं होतं. कुणाला तरी पाठवते म्हटलं होतं ना, ते कुणीतरी म्हणजे तेच. तोंड वाकडं करून मोटारसायकल काढली. भरावाखालून जाताना त्यांना वर गाडी थांबलेली दिसली, आणि एक शहरी माणूस कठड्यावरून तंगडी टाकताना दिसला. मग तो माणूस बसल्या बसल्या खाली येताना दिसला, त्याच्या मागे त्याची बॅग, आणि बॅगेमागे आंब्याची पेटी. दाजी म्हणतात, पेटी आधी पोचली.

तू सांगितलंस की दाजी खाली वाकून म्हणाले, "लागनं का रे?" पुढचं तू गाळलंस. त्यांनी मला सगळं सांगितलं.

"आठे उतराले कोनी सांगं तुले?"

"मशीननी."

"आन मशीनले कोनी सांगं?"

तू म्हणे बराच वेळ मुरूम झटकत बसलास आणि मग म्हणालास, "मी."

तिथे ते हसले. दाजी सांगतात, मला हसायचं नव्हतं, पण आवरलं नाही. मग तूही हसलास, आणि ते म्हणाले, चाल, बठ गाडीवर. मला तुम्ही दोघं एका मोटारसायकलवर अंगणात आलेले दिसलात, मधे आंब्याची पेटी, तुझी पँट गुडघ्यावर फाटलेली. मी पदर तोंडाला लावला तो हसू लपवायला. डोळे का भिजले होते ते विचारू नकोस.

आता मंगळवारचं. तू खाली सर्व्हिस रोडवर कॅमेरा घेऊन उभा होतास, वर गाडीत काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. मला माझ्या नणंदेने, मंदाबाईंनी सांगितलं.

मी काय शिजवलं होतं ते एवढंच. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळची निळी गाडी म्हणजे आपल्या गावच्या लेकींनी भरलेली. धुळ्याला, पारोळ्याला दिलेल्या सगळ्या माहेरी येतात. मी मंदाबाईंना फोन करून म्हटलं, वन्सं, गाडी भरावावर थांबली की उतरायचंच नाही. त्या म्हणाल्या, एवढंच ना? आणि धुळ्याच्या स्टँडावरच सगळ्या बायकांना सांगून टाकलं. साकिबभाईही त्याच गाडीत बसलेले, तू बोलावलंस म्हणून. मेडिकलचं दुकान पुतण्यावर सोपवून आले होते. मंदाबाईंना वाटलं हा कंपनीचा माणूस. पारोळ्यापर्यंत त्याला सुनावत आल्या. तो बिचारा म्हणतोय, "ताई, मी नकाशावाला," आणि त्या म्हणताहेत, "मंग तर तू जास्तच ऐक."

मशीनमधली बाई बोलली, गाडी थांबली, दार उघडलं. एकही उठली नाही. कडेवर पोरं, मांडीवर पिशव्या, सगळ्या आपल्या जागी गप्प. ड्रायव्हर म्हणाला, काळखेडे आलं. मंदाबाई म्हणाल्या, "काळखेडे खाले शे. गाडी खाले ले भो, तवलोंग एक बी बाई उठनार नही." मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. ड्रायव्हर म्हणाला, मशीन ओरडेल. मंदाबाई म्हणाल्या, ओरडू दे, आमच्या सासवा बी ओरडतात.

पुढचं तुला माहीत आहे. गाडी पूल ओलांडून वळली, रस्त्याखालच्या बोगद्यातून मागे आली आणि मदिनाभाभींच्या दुकानासमोर उभी राहिली. लेकी उतरत होत्या, भाऊ पिशव्या घेत होते, भाभी हातातली बांगड्यांची माळ सोडून बघत उभ्या होत्या. साकिबभाई शेवटी उतरले, घाम पुसत तुला म्हणाले, "देख लिया भाई, थांबा यहीच है." आणि मी माझी पिशवी घेऊन त्याच गाडीत चढले, मुराळ्याच्या मागोमाग, लंगडणाऱ्या मुराळ्याच्या. खिडकीतून दाजींनी तुझ्या हातात पाण्याची बाटली दिली. तू ती भडगावपर्यंत उघडली नाहीस, मी बघत होते. नाना दारात होते, आणि या वेळी त्यांना मागे बघावं लागलं नाही.

आखाजी संपवून लेकी परत निघाल्या तेव्हाही खालीच उभ्या राहिल्या आणि गाडी खाली आली. ड्रायव्हरलाही कळलंय, वर थांबलं तर मंदाबाई असू शकतात.

थांब्याच्या नावाबद्दल विचारलंस. गावात तीन दिवस वाद झाला. कुणी म्हणे काळखेडे, कुणी काळखेडे पूल, अभिमन आबा अजून विहिरीवर अडून आहेत. शेवटी दाजी म्हणाले, म्हातारीकोतारी जे बोलतात ते टाका, काळखेडे फाटा. तसंच टाक. भाभी म्हणतात, माझ्या दुकानाचं नाव नको का? त्यांना वेगळा ठिपका दे, नाहीतर मला बांगड्या महाग मिळतील.

तुझी,
अक्का


काळखेडे,
२९ जून २०२५

चि. योगेंद्र,

मशीन सुधारलं. सोमवारपासून ती बाई खाली, भाभींच्या दुकानासमोर बोलते, "काळखेडे फाटा." पहिल्या दिवशी दाजी किरणला सोडायला गेले होते. गाडी खाली आली, आतून नाव ऐकू आलं. किरण चढली, हात हलवला, गाडी गेली. दाजी बराच वेळ तिथेच उभे. भाभींनी विचारलं, भाऊ, काही विसरलं का? म्हणाले, नाही. घरी आले तर मला म्हणाले, दुसऱ्या वर्षाची फी भरून टाकली का विचार तिला. मी म्हटलं, तुम्हीच विचारा. त्यांनीच विचारलं.

आता दुसरं. तू किरणला फोनवर जे बोललास, पुण्याला विद्यार्थ्यांसाठी नकाशांचा महिनाभराचा वर्ग आहे, दिवाळीच्या सुट्टीत, राहायला तुमच्याकडे. ते तिने मला सांगितलं. मी म्हटलं, वडिलांशी तू बोल, मी मधे पडणार नाही. मागच्या वेळी ताटं अर्धी राहिली होती, मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. ती बोलली. जेवताना, सगळ्यांसमोर, न घाबरता. दाजी ऐकत राहिले, भाकरी मोडत राहिले. ना हो, ना नाही. हात धुतला आणि ओट्यावर गेले.

आठवडा गेला. किरण रोज माझ्याकडे बघायची, मी खांदे उडवायचे. मला वाटलं, झालं. एवढं पुरे, जळगाव तरी मिळालं, जास्त मागू नये. असं स्वतःला समजावलंसुद्धा.

आज दुपारी मी तुला पत्र लिहायला बसले तर ते दारात येऊन उभे राहिले. कुणाला लिहितेस ते विचारलं नाही. म्हणाले, "पुनाले त्याना घरजोडे कोनता थांबावर उतरानं पडस? इचारी ले त्याले." मी मान वर केली, तर म्हणाले, पोरीला एकटी कशी पाठवू, मी सोडायला जाईन, आणि गेलोच तर दोन दिवस राहीन, त्याच्या बायकोला चालत असेल तर.

चालेल ना रे नयनाला?

तर योगेंद्र, थांब्याचं नाव लिही. आणि या वेळी आठवणीवर नको. घरातून निघ, चालत जा, तिथे उभा राहा, गाडी खरंच थांबते का बघ, आणि मग लिही. तुझे दाजी उतरणार आहेत.

दिवाळीला अजून चार महिने आहेत, आणि ते ओट्यावर बसून बूट पुसताहेत.

तुझी,
अक्का